पास, नापास, आसपास

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)



या भाषणाचा विषय ठरवायला मी गेल्या आठवड्यात इथं आलो, तेव्हा फाटकावरच्या सुरक्षारक्षकानं मला अडवलं. म्हणाला, "पास आहे का?" मी खिशातला कागद काढून दिला. त्यानं तो उलटसुलट करून पाहिला, वहीत माझं नाव उतरवून घेतलं आणि म्हणाला, "जावा." आत निर्मात्या बाईंनी विचारलं, "काय बोलणार?" माझ्या मनात पावसाळी कवितेवर बोलायचं होतं, पण तोंडातून निघून गेलं, "पास." त्या म्हणाल्या, "एवढ्यात पास? दुसरा विषय सुचवू का?" मी म्हटलं, "नाही हो, विषयच पास आहे." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग पास!"

म्हणजे बघा, फाटकावरचा पास हा कागद. बाईंना वाटलेला पहिला पास म्हणजे पत्त्याच्या डावात हात वाईट आला की आपण म्हणतो तो, आपली पाळी सोडून देणं. दुसरा पास म्हणजे मंजुरी. दहा मिनिटांत तीन अर्थ झाले. घरी जाऊन मी मोजायलाच बसलो. पोरगा बारावी पास. लोकलचा पास संपला. रेल्वेच्या कागदोपत्री तो 'सीझन तिकीट' आहे, पण तसं म्हणणारा प्रवासी मला अजून भेटलेला नाही. ग्रामसभेत ठराव पास. कंत्राटदाराचं बिल पास होईना, आणि का होईना हे सगळ्या गावाला माहीत. बँकेचं पासबुक. मोबाइलचा पासवर्ड, जो मी नेमानं विसरतो. फुटबॉलमधला चेंडूचा पास. नाटकाचा फुकट पास. असा पास मागून घेणाऱ्याला ते नाटक सहसा आवडत नाही, हा माझा अनुभव. आणि शेंगदाणेवाल्याचा टाइमपास.

हा टाइमपास आपण इंग्रजीला दिलेला अहेर आहे. इंग्रजांकडे त्याच दोन तुकड्यांचा 'पास्टाइम' होता, तोही त्यांनी फ्रेंचांकडून उचललेला. आपण तुकडे उलटे लावले आणि त्यात थोडा आळस मिसळला. पास्टाइम म्हणजे छंद, टाइमपास म्हणजे छंदसुद्धा नसणं. २०१४ साली या नावाचा मराठी चित्रपट आला, तेव्हा पोस्टरवर त्याचं भाषांतर करायची गरज कुणाला वाटली नाही.

शब्दाचं मूळ शोधत गेलं तर आपण रोमन सैन्याच्या पायाशी पोचतो. लॅटिनमध्ये 'पासुस' म्हणजे पाऊल. नेमकं सांगायचं तर डावं-उजवं मिळून एक. अशा हजार पासुसांचं जे अंतर, ते 'मिल्ले पासुस'. मिल्ले म्हणजे हजार. पुढे त्यातली पावलं गळाली आणि नुसता हजार उरला, तोच आपला मैल. वेगवान गोलंदाजाचा 'पेस' त्याच पावलातून आला. डोंगरातून पावलं टाकत जायची वाट तीही पास, खैबर पास. आपण तिला खिंड म्हणतो. गाडीतला पॅसेंजर, घरातला पॅसेज, परदेशी जायचा पासपोर्ट ही सगळी त्या पावलाचीच बाळं. दुसऱ्याच्या आवारात पाऊल घातलं की 'ट्रेसपास', आणि इंग्रजी बोलणारे अनेक ख्रिस्ती लोक रोजच्या प्रार्थनेत आपल्या पापांनाही हाच शब्द वापरतात.

या शब्दाला नुसती शेपटी लावली तरी तो बदलतो. माझा भाचा इंजिनिअर होऊन परदेशी कंपनीत लागला. पहिल्या ओळखीत त्यानं तिथल्या गोऱ्या साहेबाला अभिमानानं सांगितलं, की मी अमुक साली पुण्यात 'पास आउट' झालो. साहेब काळजीनं म्हणाला, "अरेरे, आता तब्येत कशी आहे?" त्यांच्याकडे पास आउट होणं म्हणजे चक्कर येऊन पडणं. आपल्याकडे म्हणजे पदवी घेऊन बाहेर पडणं. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत पासिंग आउट परेड होते, तेव्हा एवढे ताठ उभे राहिलेले तरुण पाहून कुणाला चक्कर आठवेल?

आणि 'पास अवे' म्हणजे जाणं, कायमचं. अलीकडे ते नुसतं 'पास्ड' असंही म्हणतात. मला हे परकं वाटत नाही, कारण आमच्या घरात माणूस 'गुजर जाता है'. फारसीतला हा 'गुजर' इंग्रजी 'पास'ची सगळी कामं करतो. वेळ गुजरते, वाटसरू गुजरतो, माणूस गुजरतो. मराठीत तो केव्हाच मुरला आहे. आपल्यावर प्रसंग गुदरतो, आणि पोटापुरतं मिळालं की आपण म्हणतो, गुजराण होते आहे. दिवस पार पडतात, एवढंच त्या शब्दात आहे.

आमच्या घरात म्हटलं, ते जरा सांगायला हवं. आमचं गाव हमरस्त्यावरचं. अब्बांचं एसटी स्टँडजवळ चहाचं हॉटेल. घरात दखनी, दाराबाहेर मराठी. शाळा मराठी, भांडणं मराठी, पहिली कविता मराठी. त्यामुळे माझ्या कानात 'पास' हा शब्द एकटा कधीच आला नाही, दोघा-तिघांना घेऊन आला. आमची अम्मा म्हणायची, "मेरे पास बैठ." हा पास म्हणजे जवळ. आमच्याकडे 'कने' असंही म्हणतात, पण अम्मा 'पास'च म्हणायची. मराठीतही तो आहे. आईपाशी, जवळपास, आसपास. संस्कृतात 'पार्श्व' म्हणजे बाजू, तिथून तो आला. आणि तिसरा पास फारसीतला, त्याचा अर्थ पहारा. पहारा करणारा तो पासबान. म्हणजे त्या दिवशी फाटकावर पास मागणारा तो गृहस्थ खरोखरच पासबान होता, आणि त्याला ते कुणी सांगितलेलं नाही.

उच्चार एकच, पण स्वभाव किती वेगळा बघा. इंग्रजी 'पास'मध्ये नेहमी दोन माणसं असतात, एक जाणारा आणि एक जाऊ देणारा. परीक्षेतही, फाटकावरही, बिलातही. अम्माच्या 'पास'मध्ये तसा मधला माणूस नाही.

आठवीपासून मी तालुक्याच्या शाळेत एसटीनं जायचो. महिन्याचा पास, त्यावर डिंकानं चिकटवलेला फोटो. फोटोत मी घाबरलेला दिसायचो, कारण तो माझा पहिला फोटो होता. कंडक्टर रोजचेच, अब्बांच्या हॉटेलात चहा पिणारे. तरी ते रोज पास मागायचे. एकदा मी तो घरी विसरलो. म्हटलं, "मामा, तुम्ही तर मला ओळखता." ते म्हणाले, "ओळखतो रे. पण मला पास बघायचा असतो, माणूस नाही." मग त्यांनी स्वतःच्या खिशातले पैसे बॅगेत टाकले, तिकिटाला टिकटिक करून भोक पाडलं आणि माझ्या हातात दिलं. दुसऱ्या दिवशी अब्बांनी त्यांच्या चहाचे पैसे घेतले नाहीत. हिशेब मिटला.

कंडक्टरमामांचं ते वाक्य मला पुढे बीएला इतिहास वाचताना पुन्हा भेटलं, आणि तिथं ते एवढं प्रेमळ नव्हतं. दक्षिण आफ्रिकेत काळ्या माणसाला पास खिशात ठेवल्याशिवाय गोऱ्यांच्या शहरात फिरता येत नसे. हिंदी लोकांवरही ट्रान्सवालमध्ये बोटांचे ठसे देऊन परवाना घेण्याची सक्ती झाली. १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात लोक जमले, मोठ्या लोखंडी कढईत परवान्यांची रास घातली, वर रॉकेल ओतलं आणि पेटवून दिलं. गांधीजी समोर होते. त्यांचा सत्याग्रह त्या कढईत तावून निघाला असं मला वाटतं. मशिदीच्या आवारात, हिंदू-मुसलमान-पारशांनी मिळून, सरकारी कागदाची केलेली ती होळी आपल्या शाळेच्या पुस्तकात ठळक का नाही, हे मला कळलेलं नाही.

पुढची गोष्ट जास्त कडू आहे. १९५२ साली तिथल्या सरकारनं एक कायदा केला. त्याच्या नावातच पास रद्द करण्याची भाषा होती. प्रत्यक्षात सुटे पास गेले आणि सोळा वर्षांवरच्या प्रत्येक काळ्या माणसाला एक अख्खं पुस्तक बाळगण्याची सक्ती आली. फोटो, नोकरी, कर, मालकाची सही, सगळं त्यात. लोक त्याला 'डोमपास' म्हणत, म्हणजे मूर्ख पास. इंग्रजीत त्याचं एक नाव होतं पासबुक. आपल्याकडे म्हातारी पदराखाली जपून आणते आणि व्याज भरून मागते, तेच नाव. ९ ऑगस्ट १९५६ रोजी सुमारे वीस हजार बायका या पासांविरुद्ध प्रिटोरियाच्या सरकारी इमारतीवर चालून गेल्या. पुढे चालणाऱ्या चौघींत हिंदी वंशाची रहिमा मूसा होती. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिलला लोक पास घरी ठेवून पोलीस ठाण्यासमोर आले, आम्हाला अटक करा म्हणाले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सरकारी आकडा ६९ मृतांचा. ते कायदे जायला १९८६ साल उजाडलं. त्या वर्षी मी दहावीला बसलो होतो. माझ्या पासची चिंता वेगळी होती, तिच्याकडे मी येतोच.

त्याआधी 'पासिंग'. आपल्याकडे हा शब्द आरटीओचा. "गाडी कुठली? एमएच-११ पासिंग." संपलं, साताऱ्याची. अमेरिकेत मात्र या शब्दाला फार जुनी जखम आहे. गोरट्या रंगाची एखादी काळी व्यक्ती आपलं घर, माणसं, नाव मागे टाकून गोरी म्हणून वावरू लागली, की तिला 'पासिंग' म्हणत. नेला लार्सन या लेखिकेची १९२९ सालची याच नावाची कादंबरी आहे. त्यातली बाई रोज परीक्षेला बसते आणि रोज पास होते, आणि एक दिवस कळून जाईल या धास्तीत जगते.

मी ती कादंबरी वाचली तेव्हा माझ्याच फोनची आठवण झाली. नव्वदीच्या दशकात नोकरीसाठी एका शहरात भाड्यानं जागा शोधत होतो. जाहिरात पाहून फोन केला. मालक सज्जन होते, बोलके होते. वाचनाची आवड निघाली, कवितेवर गेलो, वीस मिनिटं बोललो. ते म्हणाले, "तुमच्यासारखा माणूस मिळाला तर बरंच. संध्याकाळी या. नाव काय म्हणालात?" मी नाव सांगितलं. पलीकडे थोडा वेळ फक्त तारेचा आवाज. मग ते म्हणाले, "आम्ही फॅमिलीलाच देतो हो." म्हटलं, "मला फॅमिली आहे." ते म्हणाले, "तसं नाही... आजच कुणीतरी येऊन गेलंय." मला त्यांचा राग आला नाही असं म्हटलं तर खोटं होईल. पण त्याहून जास्त एक गोष्ट खुपली. वीस मिनिटं मी पास झालेलो होतो, आणि ज्या परीक्षेत पास झालो तिला मी बसलोच नव्हतो. मी माझ्या शाळेतलं, माझ्या चौकातलं मराठी बोलत होतो.

अजूनही कविसंमेलनात कविता झाली की एखादे काका जवळ येतात आणि मनापासून म्हणतात, "काय शुद्ध मराठी हो तुमचं! वाटतच नाही." मी विचारतो, "काय वाटत नाही?" मग ते गोंधळतात आणि मलाच त्यांची कीव येते. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी तुकोबांच्या काळात मराठीत ओव्या लिहिल्या, शाहीर अमर शेखांच्या आवाजावर संयुक्त महाराष्ट्राच्या सभा उभ्या राहिल्या, हे मी त्यांना सांगू शकतो. पूर्वी सांगायचो. आता चहा मागवतो.

चहावरून अब्बांचा बायपास आठवला. हा शब्द मुळात गॅसच्या कारखान्यातला. एकोणिसाव्या शतकात झडपेला वळसा घालून जाणारी जी बारीक नळी असे, ती बायपास. मग तो रस्त्याला लागला, आणि १९६७ साली डॉक्टर फावालोरो यांनी पायातली शीर काढून हृदयाला वळसा घातला, तेव्हापासून तो काळजाचाही झाला. आमच्या गावाला आधी रस्त्याचा आला. हमरस्ता गावाबाहेरून गेला. रात्री-बेरात्री थांबणारे ट्रक थांबेनासे झाले. हॉटेलात तीन पोरं कामाला होती, एक राहिला, मग तोही गेला. काही वर्षांनी अब्बांच्या छातीत दुखू लागलं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं, की इथं रस्ता बंद आहे, आपण बाजूनं नवा काढू. अब्बा चित्राकडे बघत राहिले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, बायपास झाला की मधलं गाव मरतं. हे मधलं गाव म्हणजे काय हो?" डॉक्टर हसले, आम्हीही हसलो. अब्बा नाही हसले. ऑपरेशन मात्र चांगलं झालं, त्यानंतर ते अकरा वर्षं जगले.

आता राहिला माझा सगळ्यात आवडता शब्द, नापास. तो इंग्रजी नाही. इंग्रजीत पासच्या उलट 'फेल'. हिंदीवालेही बहुधा फेल होतात. नापास होतो तो मराठी माणूस, आणि शेजारचा गुजराती. त्यातला 'ना' फारसीतून आलेला. नापसंत, नाराज, नालायक यांतला. माधव जूलियनांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश काढला तो चाळला, म्हणजे आपण दिवसभर किती फारसी बोलतो ते पाहून थक्क व्हायला होतं. त्या फारसी 'ना'ला कुणा मराठी मास्तरानं लॅटिन पाऊल जोडलं. कुणी, कधी, माहीत नाही. पण काय जोडणी आहे! डोकं इराणचं, पाय रोमचे, आणि राहायला महाराष्ट्रात. क्रिकेटच्या 'नाबाद'मध्येही तोच 'ना' खेळतो. असले शब्द शुद्ध करायला निघालेल्या मंडळींना मी एवढंच म्हणतो, की 'अनुत्तीर्ण' हा शब्द मार्कशीटवर शोभतो, पण घरी आल्यावर पोरगं काय सांगेल? मी अनुत्तीर्ण झालो? तेवढ्यात बापाची चप्पल पायातून हातात येईल.

अलीकडे हा शब्द जरा अडचणीत आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवायचं नाही असं ठरवलं, २०१९ साली त्यात दुरुस्ती होऊन पाचवी-आठवीला राज्यांना मुभा मिळाली. दहावीच्या गुणपत्रिकेवर मधे 'कौशल्य विकासास पात्र' असा शेरा आला. हेतू चांगलाच आहे. शंभरातले ३५ म्हणजे माणूस आणि ३४ म्हणजे काहीच नाही, असं मानणारा समाज असेल तर शेरा बदलावाच लागतो. पण नुसता शब्द बदलून तो ३५ चा उंबरा खाली येतो का, अशी मला शंका आहे.

कारण तो उंबरा मी पाहिलेला आहे. दहावीत मला गणितात २९ पडले. मराठीत वर्गात पहिला, गणितात २९. घरापर्यंतची पाच मिनिटांची वाट, ती मी तासाभरात चाललो. हॉटेलात अब्बांना कुणीतरी आधीच सांगितलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कपबशा विसळू लागले. तेवढं मला पुरलं. मागच्या दारानं घरात गेलो आणि चौकटीतच उभा राहिलो. अम्मा चुलीपुढे होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, मराठीही तिची बाजारापुरती. ती म्हणाली, "क्या हुआ रे?"

मी म्हटलं, "नापास."

तिनं भाकरी उलटली. म्हणाली, "ना पास? तो वहां कायकू खडा है? पास आ."

तिला शब्द कळला नव्हता की कळूनच तिनं तसं म्हटलं, हे मी तिला कधी विचारलं नाही. मी गेलो आणि तिच्या शेजारी बसलो. तिनं तव्यावरची भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवली. ऑक्टोबरला पुन्हा बसलो, गणितात ३८ पडले.